जाताना डुलते, येताना नाही

१

सोनाली गजभिये पडली तेव्हा आसपास चिटपाखरू नव्हतं, पण ती का पडली हे सौंसरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगी होती म्हणून पडली. पानठेल्यावर हेच, बसस्टँडवर हेच, आणि ज्यांच्या गाडीवरून ती पडली त्या वसंतरावांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही हेच.

मी अर्चना रामटेके, विमा कंपनीची सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी तपासायची, नुकसान किती आणि कशामुळे ते लिहून द्यायचं, हे माझं काम. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून पांढुर्ण्यात हे काम सुरू केलं तेव्हा लोकांनी मलाही बरंच काही सांगितलं होतं. निकाल आधीच लागलेला आहे आणि बाईनं फक्त खाली सही करायची, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमत नाही.

वसंतरावांना तसंच वाटत होतं. त्यांनी चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला आणि गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, सीधी गोष्ट आहे. सरळ रस्ता, कोरडा रस्ता, समोर कोणी नाही. जामसांवलीच्या फाट्यापुढे पोरीनं स्पीड घेतली, घाबरली, पडली. तुम्ही चालकाची चूक लिहा, विषय खतम. आमचा क्लेम काही त्यानं अडत नाही."

"आणि सोनालीचं काय?"

"तिला काही बोललो नाही हो मी. पण सोमवारपासून हर्षलच नमुने नेईल. माझा पुतण्या. पहिले तोच नेत होता, मधात नागपूरला नोकरीवर गेला, आता वापस आला. आम्ही लेडीजला चान्स देऊन पाहिला. आता पुन्हा नाही देणार कोणाला."

त्यांच्या सौंसरच्या लॅबमध्ये गोळा झालेले रक्ताचे नमुने रोज सकाळी मोटरसायकलवरून पांढुर्ण्याच्या मोठ्या लॅबला जात. या कामावर लागलेली सोनाली पहिली मुलगी. माझ्या अहवालात 'चालकाची चूक' आली की तिची नोकरी गेलीच, आणि तिच्यामागून येणाऱ्या मुलींसाठीही दार बंद. दोन शब्दांचं काम होतं. मी चहा तसाच ठेवला आणि म्हटलं, "आधी गाडी बघते."

वसंतरावांचा चेहरा क्षणभर उतरला. गाडी पाहण्यात उतरण्यासारखं काय होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

२

गाडी गजाननच्या गॅरेजमध्ये उभी होती. गजानन मेकॅनिक आहे आणि वेल्डिंगही करतो. लॅबच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडेच येतात.

"गाडीत काई खोट नाई, ताई," त्यानं मी विचारायच्या आतच सांगितलं. "म्या सोता चालवून पाहिली. मक्खन हाय."

वेगात गाडी का हलते याची कारणं मोजकीच असतात, आणि मी ती एकेक करून घेतली. दोन्ही टायर चांगले, हवा बरोबर. पुढचं चाक उचलून हँडल दोन्हीकडे फिरवलं. हँडल ज्यावर फिरतं तो कोनसेट ना ढिला, ना जास्त आवळलेला. मागच्या चाकाला धरणारा चिमटा जोर लावून हलवला, खेळ नाही. चाकं एका रेषेत, तारा ताठ, रिम वाकडी नाही. डावा इंडिकेटर, डावा फूटरेस्ट आणि हँडलचं डावं टोक घासलेलं होतं, कारण ती डाव्या अंगावर पडली होती. मागच्या कॅरिअरच्या शेवटाला ताजा काळा रंग होता.

"रंग कशाला?"

"घासलं होतं थोडं. मारून देल्ला," गजानन म्हणाला आणि पान्हा शोधायला आत गेला.

मी हेल्मेट घातलं आणि गाडी फाट्यापुढच्या त्याच सरळ रस्त्यावर नेली. सत्तर, ऐंशी, मग त्याच्याही पुढे. गाडी दोरीत चालल्यासारखी गेली. दोनदा गेले, दोनदा आले. काही नाही.

परत येताना माझा जीव खट्टू झाला, हे कबूल करायला हरकत नाही. मला गाडीत दोष हवा होता. गाडी निर्दोष होती. मग दोष उरला कोणाचा, हे सौंसरमधलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

३

सोनालीचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. कोपराला पट्टी, तळहात सोललेला, गुडघ्याला टाके. पण बसली होती ताठ. तिला वाटलं मीही समजूत घालायला आले आहे.

"तुमीबी सांगा, ताई, का पोरीनं गाडी चालवू नये," ती म्हणाली.

"मी स्वतः आत्ता ती गाडी चालवून आले. मला सांग, हँडल कसं थरथरलं?"

"हँडल नाई थरथरलं. सगळे हेच विचारून राहिले. हँडल उलट हलकं हलकं लागे, जसं समोरचं चाक जमिनीवर हायच नाई. हलत होतं ते मागून. मागून कोणी धरून गाडीले डोलवून राहिलं, असं. पयले हळू, मंग मोठं मोठं."

मी खुर्ची पुढे ओढली. घाबरलेल्या माणसाला असं वर्णन सुचत नाही. हँडल भराभरा थरथरणं हा एक आजार, आणि मागचा भाग संथ डुलत जाणं हा वेगळा. पहिल्याचं कारण बहुतेक पुढच्या चाकात सापडतं. दुसऱ्याचं मागे शोधावं लागतं. सौंसरमधले सगळे तज्ज्ञ हँडलबद्दल बोलत होते, आणि रोग दुसऱ्याच टोकाला होता.

"मग तू काय केलंस?"

"ब्रेक मारला. तवाच पडली."

"डुलायला लागल्यावर ब्रेक मारला की आणखी बिघडतं. हळूच रेस सोडायची असते. पण हे तुला कोणी शिकवलं नाही, आणि तिथपर्यंत पाळी यायलाच नको होती. पहिल्यांदाच झालं?"

"नाई. रोजच थोडं होये. पण जातानाच. येताना कधीच नाई. वसंतभाऊले दोन डाव सांगितलं. ते म्हणे, भेव लागत असन तर सांग, दुसरा पाहू. मंग मी बोललीच नाई."

"जाताना आणि येताना फरक काय? नमुन्यांचा डबा?"

"तो तं येतानाबी असते. रिकामा."

"आणि दुसरं काही? जाताना गाडीवर आणखी काय असायचं?"

इतका वेळ माझ्या डोळ्यांत बघून बोलणारी मुलगी खाली बघू लागली. पट्टीचं टोक सारखं करत म्हणाली, "काई नाई."

गाडीवरून पडून जी रडली नव्हती, तिच्या डोळ्यांत तेवढ्या एका प्रश्नानं पाणी आलं.

४

हर्षल भेटला तो वसंतरावांच्या अंगणात हात मागे बांधून, हिरोसारखा उभा. या पडण्यातून फायदा झालेला माणूस तोच एक होता, आणि मी ते तोंडावर बोलून दाखवलं.

"मी काहून पाडू तिले?" तो चिडला. "मले हे काम पायजेच होतं, खोटं कायले बोलू? पण गाडीले हात नाई लावला म्या. हीच गाडी म्या शंभरनं चालवली. मागं सीटवर नमुन्यांचा डब्बा, समोर टाकीवर वजन घेऊन. रत्तीभर हलली नाई. चालवता आली पायजे."

हात मागे बांधूनच बोलला, पण नजर चुकवली नाही. फुशारक्या मारणारा होता, कारस्थानी वाटला नाही. तिथून मी पांढुर्ण्याच्या मोठ्या लॅबमध्ये गेले. नमुने उतरवून घेणारी शीतल एकटीच होती. पडलेला डबा तिनंच उघडला होता.

"किती नळ्या फुटल्या?" मी विचारलं.

"एकबी नाई, मॅडम. पोरीनं डब्बा काय मस्त बांधला होता. आतमधी सगळं कोरडं, बर्फाच्या पिशव्याबी जशाच्या तशा."

"म्हणजे नमुन्यांचं नुकसान झालंच नाही?"

"नाई ना. फक्त डब्बा बाहेरून चिंब ओला होता. पट्ट्याले पिळलं तं पाणी निघे. मी म्हटलं, नालीत पडला का काय."

मे महिना होता. त्या रस्त्याच्या कडेच्या नाल्या फुटलेल्या भांड्यासारख्या कोरड्या पडलेल्या असतात. नळ्या शाबूत, बर्फ शाबूत, आणि डबा चिंब. मग ते पाणी आलं कुठून?

५

उत्तर माझ्यासमोर तुकड्या-तुकड्यानं पडलेलं होतं, आणि ते जोडायला मला लॅबच्या पायऱ्या उतरेपर्यंतचा वेळ पुरला. गाडी जाताना डुलते, येताना नाही. म्हणजे काहीतरी जड जाताना असतं आणि तिकडेच राहतं. हर्षल म्हणतो, टाकीवर वजन असायचं. सोनालीच्या टाकीवर काहीच नसायचं, तिचं हँडल हलकं लागायचं; म्हणजे तेच वजन आता मागे गेलेलं होतं, इतकं मागे की मागच्या चाकाच्याही पलीकडे. तिथे वजन लटकलं की पुढचं चाक वर उचलल्यासारखं होतं आणि वेग वाढला की शेपूट डुलायला लागते. आणि डबा चिंब होता, म्हणजे ते वजन पाण्याचं; तेही आत हिंदकळणारं असेल तर विचारायलाच नको.

सौंसरहून पांढुर्ण्याला रोज पाणी कोणासाठी जातं? शीतलला विचारून मी लॅबच्या शेजारीच राहणाऱ्या वसंतरावांच्या वडिलांच्या दारात जाऊन उभी राहिले. थोरल्या मुलाकडे राहतात, नव्वदीला आलेत. ऊन लागलं म्हटल्यावर त्यांनी स्वतः उठून माठातून तांब्या भरून दिला.

"प्या. सौंसरच्या आमच्या विहिरीचं हाय. मले दुसरं पाणी पचतच नाई. हर्षल रोज कॅन आणते गाडीवर."

"हर्षल नव्हता इतक्यात, आजोबा. सोनाली आणत होती. गजभियेंची मुलगी. पाणी आणताना पडली ती. आणि मी रामटेके."

म्हातारबुवांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. मी मुद्दामच आडनाव सांगितलं होतं, आणि तांब्या ओठाला लावायच्या आधी थांबले होते.

"पिऊन घ्या ना, तपून राहिल्या तुमी," ते म्हणाले. मग उंबऱ्याशी टेकून बसले. "पोरगी रोज दारावर येत होती, अन् मले कोणी सांगितलं नाई. चहा तरी देल्ला असता."

मी पाणी प्यायले आणि सौंसरला परतून थेट गजाननचं गॅरेज गाठलं. कॅरिअरच्या टोकावरचा काळा रंग नखानं खरवडला. खाली ग्राइंडरनं घासलेलं ताजं वेल्डिंग चमकत होतं.

"गाडी डाव्या अंगावर पडली, गजाननभाऊ. हे टोक रस्त्याला लागलंच नाही, तर घासलं कसं? काय होतं इथं?"

गजाननने इकडे तिकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या भंगारातून हातभर लोखंडी पाट काढून माझ्यासमोर ठेवला. कडेला तिन्ही बाजूंनी पट्टी, मधे वीस लिटरची कॅन बसेल एवढी जागा.

"ती पोरगी कामावर लागली त्याच हप्त्यात लावायले सांगितला त्याईनं. म्या म्हटलं, भाऊ, इतकं मागं नको, गाडी बिघडन. सीटवर डब्ब्याच्या बाजूले बसते ना कॅन. त्याईनं म्हटलं, सीटवर नाई पायजे. पडल्यावर लगेच फोन आला, का कापून टाक, विमावाली येऊन राहिली."

"सीटवर का नको, हे सांगितलं?"

"ते सांगा लागते का, ताई?" गजानन म्हणाला. त्याची मान खाली होती.

६

सोनालीला मी पाटाचं सांगितलं तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मग एका दमात बोलून गेली.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं. हर्षलच्या मांडीजवळ चाले ते पाणी, माह्या पाठीले लागलं तं नाई चाले. नोकरी पायजे होती, म्हणून गिळलं. तुमाले कॅन सांगितली असती, तं ती मागं काहून होती तेबी सांगा लागलं असतं. लोकाईनं म्हटलं असतं, पडली ती पडली, अन् आता जातीचं काढून राहिली. त्याच्यापेक्षा पोरगी म्हणून पडली, हे बरं वाटलं मले."

मला संताप आला. तिचा नाही, तिला हे बरं वाटायला लावणाऱ्या सगळ्यांचा. मी म्हटलं, "मला बरं नाही वाटत. उद्या रस्त्यावर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यापाशी मी वसंतरावांना बोलावून घेतलं. क्लेमची तपासणी आहे म्हटल्यावर ते आपल्या कारमधून आले, हर्षलही आला; सोनाली आधीच येऊन थांबली होती. गजाननने पाट तात्पुरता नटबोल्टनं कॅरिअरला कसला होता आणि त्यावर भरलेली कॅन बांधली होती. ती पाहिल्यावर वसंतराव कारमधून उतरले, दाराला हात लावून तिथंच थांबले.

"हे काय, मॅडम?"

"तुमच्या गाडीचा हरवलेला भाग. कारमधून माझ्या मागे या."

मी गाडी काढली. साठपर्यंत ठीक. सत्तरच्या पुढे हँडल हलकं झालं आणि मागून कोणीतरी धरावं तशी शेपूट डुलू लागली, आधी जरा, मग आणखी. मी ब्रेकला हात लावला नाही, रेस हळूहळू सोडत गेले, आणि गाडी सावरली. सोनालीला ही भीती रोज सकाळी मिळत होती, आणि तरी ती नमुने वेळेवर पोचवत होती.

परत येऊन पाट काढला. तीच कॅन, तेवढंच पाणी सीटवर, पाठीला टेकून बांधलं. नमुन्यांचा डबा तिच्यामागे, पण चाकाच्या अलीकडेच. पुन्हा तोच रस्ता, त्याहून जास्त वेग. गाडी सरळ गेली आणि सरळ आली. तपासणी संपली.

हर्षलच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "काका, मागं कायले लावली होती?" त्यानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"वजनाची जागा चुकली, कबूल," वसंतराव घाईनं म्हणाले. "मॅडम, तुम्ही तेवढंच लिहा. का चुकली, ते कशाला? माझं वैयक्तिक काही नाही हो. मी तसला माणूसच नाही. बाबा जुन्या वळणाचे, त्यांना चालत नाही."

"बाबांना चालतं," मी म्हटलं. "मी आडनाव सांगून त्यांच्या माठातलं पाणी प्यायले. तांब्या त्यांनीच भरून दिला. त्यांना तर पाणी सोनाली आणते हेच माहीत नव्हतं. पाट तुम्ही लावला, वसंतराव, आणि तुम्हीच कापून टाकला. मी दोन्ही लिहिणार आहे. क्लेम अडेल. चालकाच्या नावापुढे मात्र चूक लागणार नाही."

ते माझ्याकडे, मग हर्षलकडे बघत राहिले. शेवटी नाइलाजानं सोनालीकडे वळले. तिला बघून बोलायची ती बहुधा पहिलीच वेळ.

"झालं ते झालं, पोरी. टाके निघाले की ये कामावर. कॅन सीटवर ठेवत जाऊ आता. मग तं ठीक?"

सोनाली गाडीपाशी गेली, कॅनवर हात ठेवला.

"नेईन. माह्या पाठीले टेकून नेईन. पण पोचली का दारात कॅन देऊन पळणार नाई. आत जाऊन, माठात मीच ओतीन. अन् तिथं तुमी बसून राहान, अन् तेच पाणी सगळ्याईच्या पयले तुमी पिऊन दाखवान."

"मी?" वसंतराव म्हणाले.

"बाबाजीले चालते. आता तुमाले चालते का, ते सांगा."

हर्षल काकांकडे बघत होता, गजानन बघत होता, मी बघत होते. वसंतरावांनी पुढे होऊन दोरी सोडली, कॅन दोन्ही हातांनी उचलली, पाणी शर्टवर सांडत कारपर्यंत नेली आणि डिकीत ठेवली.

"मी नेत जाईन," ते कोणाकडेही न बघता म्हणाले.

"रोज न्या," सोनाली म्हणाली. "मी फक्त नमुने नेईन. त्याचीच नोकरी हाय माही."

सोमवारी हर्षलने स्वतःच काम नको म्हटलं. पुढच्या आठवड्यात टाके निघाले आणि त्याच सकाळी ती निघाली. मलाही पांढुर्ण्याला यायचं होतं, म्हणून मी तिच्या मागे होते, आणि माझ्या मागे डिकीत पाणी घेऊन वसंतरावांची कार. फाटा ओलांडल्यावर सोनालीनं वेग वाढवला. मी श्वास धरून तिच्या मागच्या चाकाकडे बघत राहिले. ते कुठेच डुललं नाही. वसंतरावांनी मला ओलांडलं आणि तिला गाठायचा प्रयत्न केला, पण पांढुर्ण्याच्या पुलापर्यंत त्यांना ती सापडली नाही.